नणंदेच्या हातची फुलं

माझ्या डोहाळजेवणात मी माझ्या नणंदेला सगळ्या बायकांसमोर लांब सारलं, कारण तिच्या अंगातून किरणं निघतात आणि ती माझ्या पोटातल्या बाळाला लागतील असं मला वाटत होतं. एवढं सुरुवातीलाच कबूल करून टाकते. पुढं लपवाछपवी नको.

तेव्हा मी एकवीस वर्षांची, नववी पास, आणि आमच्या आळीत रोज पेपर वाचणारी एकटी सून. त्याचा तोरा केवढा! नळावर बायका जमल्या की मी बातम्या सांगायची, आणि जिथं कळलं नाही तिथं पदरची भर घालायची. त्या उन्हाळ्यात चेर्नोबिलच्या अणुवीज केंद्रात स्फोट झाला. त्या सगळ्या मुलखाला आम्ही तेव्हा रशियाच म्हणायचो, आणि आमच्या वन्सं तिथंच होत्या. कीव्ह शहरात, स्फोट झाला तिथून फार लांब नाही, डॉक्टरकीच्या तिसऱ्या वर्षाला. सासरे गिरणीतले, लाल बावट्याचे. युनियनच्या ओळखीतून पोरीला शिष्यवृत्ती मिळाली होती. सोलापूरच्या गिरणी कामगाराची पोर विमानात बसणार, म्हणून निरोपाला अर्धी आळी स्टेशनवर आली होती.

आषाढात वन्सं सुट्टीला घरी आल्या. होत्या तशाच होत्या, उलट जरा गोऱ्या झाल्या होत्या. माझ्या बाळासाठी स्वतः विणलेलं लोकरीचं टोपरं आणलं होतं आणि चॉकलेटचा एक मोठा डबा. मी काय केलं असेल? टोपरं मिठाच्या पाण्यात तीन दिवस बुडवलं, मग हळदीच्या पाण्यात, मग कडुलिंबाच्या फांदीला टांगलं. चॉकलेट परसात सदाफुलीखाली पुरलं. आळीतल्या कुत्र्यानं ते उकरून डब्याच्या कागदासकट खाल्लं. ते कुत्रं पुढं बारा वर्षं जगलं आणि त्यातली सहा वर्षं माझ्यावरच भुंकत होतं.

हसू येतंय ना? मलाही येतं. पण पुढचं हसण्यासारखं नाही.

वन्संसाठी बार्शीच्या एका घरी बोलणी चालली होती. मुलगा वकील. शिक्षण पुरं होईपर्यंत थांबायला तयार. वन्संना तो मनापासून आवडला होता. त्याची पत्रं त्या उशीखाली ठेवायच्या, मी स्वतः बघितलंय. त्याच्या आईला घर बघायचं होतं, म्हणून सासूबाईंनी तिला माझ्या डोहाळजेवणालाच बोलावलं.

डोहाळजेवणात गरोदर बाईला फुलांचे दागिने घालतात. आमच्याकडं ते नणंदेनं करायचे आणि नणंदेनंच बांधायचे. वन्सं पहाटेपासून बसल्या होत्या. मोगरा, अबोली, मधे मधे मरव्याची काडी. बाजूबंद, कंबरपट्टा, बिंदी. सुईनं बोटं टोचून टोचून लाल झाली होती. पाटावर मी, समोर चटईवर बायका, पहिल्या रांगेत बार्शीच्या बाई. वन्सं ताट घेऊन जवळ आल्या, वाकल्या आणि कंबरपट्टा माझ्या पोटावर धरला.

मी पाटासकट मागं सरकले. पदर पोटावर ओढला आणि म्हणाले, "वन्सं, तुम्ही नका. तुमच्या अंगात तिकडचं असंल. बाळाला बाधंल."

सासूबाई मंगळवेढ्याकडच्या, त्या फाडकन म्हणाल्या, "आगं सटवे, काय बोललीस? पोरीनं काय पाप केलंय व्हय?"

बार्शीच्या बाईंनी सावकाश विचारलं, "म्हणजे स्फोट झाला तेव्हा ह्या तिथंच होत्या? आम्हाला कुणी बोललं नाही."

"व्हय, पन लांब हुती की. तिला काय बी झालेलं न्हाय."

"पुढं पोरंबाळं व्हायची असतात हो," बाई म्हणाल्या आणि उठल्या. "निघते. एसटी चुकंल." एसटीला दोन तास होते. वन्संनी ताट खाली ठेवलं आणि हात पदरात गुंडाळून आत गेल्या. दागिने शेवटी शेजारच्या तेलुगू अक्कांनी घातले. मी मुकाट घालून घेतले आणि फोटोसुद्धा काढला. त्या फोटोत मी हसतेय. कधी कधी त्या पोरीच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

आठ दिवसांनी बार्शीहून नकार आला. मुलगा आईच्या शब्दाबाहेर गेला नाही. वन्संनी पत्र वाचलं, उशीखालच्या सगळ्या पत्रांबरोबर चुलीत घातलं आणि पंधरा दिवसांनी परत शिकायला गेल्या. मला एक शब्द बोलल्या नाहीत.

सासऱ्यांनी मुंबईच्या अणुशक्तीच्या सरकारी कचेरीला पत्रं लिहिली: आमची मुलगी तिथं होती, तिची तपासणी कुठं करायची? तीन पत्रांनंतर एका ओळीचं उत्तर आलं, चिंतेचे कारण नाही. कुणी तपासलं नाही, कुणी रक्त घेतलं नाही, कुणी नाव लिहून घेतलं नाही. चिंतेचं कारण नाही हे त्या साहेबाला टेबलामागं बसून कसं कळलं, ते मला आजही कुणीतरी सांगावं.

वन्सं डॉक्टर होऊन आल्या. आणखी दोन-तीन ठिकाणी बोलणी झाली, प्रत्येक ठिकाणी आधीच बातमी पोचलेली. बातमी पोचवणारी मीच, पहिल्या दिवशी, भर दुपारी. मग त्यांनी स्वतःच नको म्हटलं आणि आळीच्या तोंडाशी दवाखाना काढला. आता गंमत ऐका. ज्या बायका म्हणत होत्या की हिच्या हाताला रशियाची बाधा आहे, त्याच कळा सुरू झाल्या की रिक्षा करून ह्याच हातांकडं येत होत्या. सून म्हणून हात चालत नव्हते, सुईण म्हणून चालत होते. माझ्या लेकीची दोन्ही बाळंतपणं त्यांनीच केली.

गेल्या दिवाळीनंतर त्यांच्या गळ्यात गाठ निघाली. थायरॉइडची. ऑपरेशन झालं. मी डॉक्टरांना विचारलं, "हे तिकडच्या त्या स्फोटामुळं का?" ते म्हणाले, "आजी, असू शकतं, नसूही शकतं. एका माणसाबद्दल तसं सांगता येत नाही. तेव्हाच्या काही नोंदी आहेत का?" नोंदी! नोंद एकच, ती एका ओळीची.

चौथ्या दिवशी आळीतली एक बाई फळं घेऊन भेटायला आली. खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाली, "तिकडचंच गं ते. आमी तवाच म्हणत हुतो की नाही?"

"तुझी तिन्ही पोरं कुणाच्या हातनं झाली?" मी विचारलं.

"डॉक्टरीणबाईंच्याच की."

"मग तिन्हींना जाऊन बघ, किरणं निघत्यात का. आणि फळं घेऊन जा, आमच्याकडं खाणारं कुणी नाही." ती गेली. चाळीस वर्षं असल्या बायकांना मनात शिव्या देत आले, आणि त्यांना हे वाक्य शिकवणारी मीच.

मग मी वन्संच्या पलंगाशी बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले की त्या दिवशी मी मागं सरकायला नको होतं, तुमचं लग्न मी मोडलं, मला माफ करा. बोलताना रडायला आलं, आणि त्यांच्यासाठी आणलेला चहा माझ्याच हातात राहिला. ऑपरेशननं त्यांचा आवाज बसला होता, एकेक शब्द ओढून काढत होत्या.

"वैनी, तुम्ही मागं सरकलात तेव्हा मला सुटल्यासारखं झालं होतं. तुमच्या पोटाला हात लावायला मीच भीत होते. तिथं आम्हाला आठवडाभर कुणी काही सांगितलं नाही, एक मेच्या कामगार दिनाला मिरवणुकीत नाचवलं, मग म्हणाले खिडक्या लावून घ्या, फरशा पुसा. इथं आले तर इथंही कुणी सांगितलं नाही. बार्शीवाल्यावर रागावून मी दोन वर्षांत मोकळी झाले. दोन्हीकडच्या ह्या न सांगणाऱ्या साहेबांवरचा राग अजून जात नाही, आणि तो कुणाच्या दारात जाऊन काढायचा तेवढं तुम्ही मला पेपरात वाचून सांगा. आणि तो चहा द्या इकडं, गार करून प्यायची मला सवय नाही."