मामाची सूज

लॅबमध्ये निकाल मुंगीच्या पावलानं येतात. किस्से मात्र डीप फ्रीजरमधल्या बर्फासारखे साचतात. वेळच्या वेळी खरवडले नाहीत, तर दारच लागत नाही!

परदेशातून शिकून मी नागपूरला परतले ती एकच ध्यास घेऊन. हेम्प म्हणजे भांगेच्याच जातीचं झाड. त्यातून नशा न आणणारं द्रव्य काढायचं आणि त्यानं सूज उतरवून दाखवायची. पहिल्याच दिवशी हिंगण्याच्या लॅबकडे जाताना ऑटोवाल्याला हे सगळं तळमळीनं सांगितलं. तो आरशातून बघत राहिला.

"नशाच काढून टाकता? मंग उरते काय, मॅडम?"

*

आईचे गुडघे सुजतात. तिला म्हटलं, "माणसांवर अजून तपासलेलं नाही गं. सध्या उंदरांच्या पायावर चाललंय."

"वा! इतकी शिकून आली, अन् औषध उंदराच्या पायाले! मायच्या गुडघ्याले काहून नाही वं?"

*

दोन प्रयोग फसले. आमचे बॉस बोरकर सर शांतपणे म्हणाले, "तिसऱ्यातही सूज उतरली नाही, तर हेम्प बंद. हळदीवर काम करू."

मी घरी हळदीचं दूध सोडलं!

*

कुठल्या उंदरांना हेम्प आणि कुठल्यांना नुसतं तेल, हे सूज मोजणाऱ्याला, म्हणजे मला, कळू द्यायचं नसतं. ते गुपित टेक्निशियन वसुधाताईंकडे. तिसऱ्या प्रयोगात त्यांनी एका पिंजऱ्याला 'मामा' नाव दिलं, दुसऱ्याला 'काका'.

मी लाडीगोडी लावली, "ताई, मामा म्हणजे हेम्प ना?"

"नवऱ्याले नाही सांगितलं, तुले सांगू?"

*

लॅबमध्ये मोबाइलला रेंज नाही. सर बाहेरगावी असले की गेटवर येऊन फोनवर कळवायचं. "सर, मामाचा पाय सुजलेलाच आहे. काकाचाही."

एका सकाळी गेटवरच्या वॉचमन गुलाबभाऊंनी माझ्या हातात पिशवी ठेवली. "नरखेडची संत्री, घरच्या बागेतली. मामाजीले द्या जी."

खरं सांगायला तोंड उघडलं, पण त्यांचा चेहरा बघून मिटलं. संत्री आम्हीच खाल्ली.

*

शेवटचं मोजमाप. काका तसाच, मामाची सूज मात्र उतरलेली! वसुधाताईंनी सावकाश चष्मा पुसला. "मामा म्हंजे हेम्प."

मी गेटकडे धावले. "सर, उतरली! मामाची सूज उतरली!"

"मग हळद राहू दे," सर पलीकडून म्हणाले. मी गुलाबभाऊंच्या खुर्चीत मटकन बसले. किती दिवसांनी पूर्ण श्वास घेतला!

गुलाबभाऊंनी आकाशाकडे बघून हात जोडले. मग माझ्याकडे वळले.

"पाहा मॅडम, नरखेडच्या संत्र्याचा गुण!"