ओळीतला एकच फोन

शिंपीणकाकूची जीभ तिच्या कात्रीहून धारदार, असं छावणीतली सगळी निर्वासित माणसं म्हणायची आणि काकूला त्याचं कौतुकच वाटायचं. काकू राहायची त्या खोल्यांच्या ओळीत चालणारा फोन तेवढा तिचा. छावणीला मदत करणाऱ्या संस्थेनं त्यात मनाच्या तब्येतीचं अ‍ॅप घालून दिलं, तर अख्खी ओळच उत्तरं देऊ लागली. झोप लागते का, धास्ती वाटते का? जिच्या हाती फोन, ती बोट दाबून मोकळी. अ‍ॅपच्या लेखी मात्र ती सगळी एकटी काकूच.

एके दिवशी संस्थेची ताई धापा टाकत आली.

"काकू, 'जगावंसं वाटत नाही' असं दाबलंत तुम्ही?"

"मी? मला मरायला सवड कुठंय बाई! हा झग्यांचा ढीग बघ."

"मग कुणी?"

काकूची मशीन थांबली. काल धाकटी जाऊ फोन घेऊन नळावर गेली होती नि रिकामी कळशी घेऊन परत आली होती. पळून येताना तिचा नवरा वाटेतच गेला. तरी चारचौघांत खिदळायची, म्हणून कुणाला शंका आली नाही.

"नाव सांगितलं तर काय करणार?"

"डॉक्टरकडे नेणार. नोंद फायलीला लागते."

"परदेशी धाडणारे साहेब ती वाचून नाव अडवतात?"

"नाही म्हणतात," ताई चाचरली. "पण मी छातीठोक नाही सांगणार."

जावेचे आईबाप आधीच परदेशी पोचले होते आणि तिचा तिकडं जायचा नंबर तोंडावर आला होता. नंबर काकूचाही लागायचा होता, पण तिथं तिची वाट बघणारं कुणी नव्हतं.

"मीच दाबलं," काकू म्हणाली.

"अहो, आत्ता तर म्हणालात..."

"आत्ता आठवलं. लिही माझं नाव. पण मला चक्कर येते, सोबतीला माझी धाकटी जाऊ लागेल. आणि डॉक्टरला म्हणावं, आधी सोबतीणीला बोलतं कर, माझं नंतर बघ."

ताईनं पुढं काही न विचारता काकूचं नाव भरलं.

काकू शेजारच्या खोलीत गेली. जाऊ भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"ऊठ गं. मला दवाखान्यात ने."

"तुम्हाला काय झालंय, जाऊबाई?"

"डोकं फिरलंय. तसं लिहूनच दिलंय."

जाऊ ताडकन उठून बसली. "ते मी..."

"ते तिथं डॉक्टरला सांग. चप्पल घाल."