सुमतीबाईंशी केलेला सौदा

बौशरच्या गोदामात फरशीच्या भावावरून एका गिऱ्हाइकाशी माझी जुंपली होती, तेवढ्यात ऋतुजाचा फोन आला. माझी मुलगी कामाच्या वेळी कधी फोन करत नाही. "बाबा, बाई गेल्या," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. कुठल्या बाई, हे विचारावं लागलं नाही. दोन वर्षं सुमतीबाईंचं नाव घरात काढायचं नाही, असा माझा हुकूम होता... आणि तिच्या रडण्यावरून कळलं, की तो हुकूम फक्त मीच पाळत होतो. त्या फोनला महिना झाला, पण ते अजून डोक्यातून जात नाही.

बाई अल खौदला राहायच्या. रेकॉर्डिंगच्या आधी गाणाऱ्यांचा आवाज तयार करून घेणं हे त्यांचं काम. मी रत्नागिरीहून इथं आखातात येऊन फरशीची खोकी उचलता उचलता दुकान काढलेला माणूस. मला त्यातलं काही कळेना. पहिल्याच भेटीत विचारलं, "सूर चुकला तर मशीन दुरुस्त करतं म्हणे. मग तुम्ही काय करता?" त्या म्हणाल्या, "मशीनला श्वास घेता येत नाही. तो मी शिकवते." सहा महिने त्यांनी ऋतुजाला गाणं कमी आणि श्वासच जास्त शिकवला. जमिनीवर उताणं झोपवायच्या, पोटावर जाडजूड शब्दकोश ठेवायच्या आणि तो सावकाश वरखाली झाला पाहिजे म्हणायच्या. इथं वाढलेली पोर, मराठी अडखळत बोलते; पण गाताना तिचा शब्द अर्ध्यात तुटेनासा झाला. हे मला कबूल करावंच लागतं.

मग एका स्पर्धेसाठी गाणं पाठवायचं ठरलं. कुरुमला स्टुडिओ भाड्याने घेतला. मला गाणं काळी पाचच्या उंच पट्टीत हवं होतं. उंच आवाजालाच दाद मिळते, असा माझा हिशेब. बाई म्हणाल्या पांढरी पाच, म्हणजे बरंच खाली. वरच्या सुरांत तिचा आवाज अजून पक्का नाही, हे त्यांचं कारण. मी सवयीने घासाघीस सुरू केली. "तुमचं नको, माझं नको. मधली काळी चार करा. यल्ला, ठरलं!"

"साहेब, हा गळा आहे. फुटला तर खोक्यातून दुसरा काढून देता येत नाही."

मी हटलो नाही. शेवटी बाईंनीच माघार घेतली.

रेकॉर्डिंगला चौथ्यांदा गाताना वरच्या सुरावर ऋतुजाचा आवाज खरखरला. रेकॉर्डिंग करणारा म्हणाला, "चलता है मॅडम, मैं ठीक कर दूँगा." मीही म्हटलं, "आणखी एकदा होऊन जाऊ दे." बाई उठल्या, काचेपलीकडे गेल्या आणि तिच्या कानांवरचे हेडफोन काढले. "खलास. आज ही गाणार नाही."

"मुलगी माझी आहे!" मी सगळ्यांसमोर ओरडलो.

"पण आवाज तिचा आहे. आणि चूक माझी. मी तुमच्याशी सौदा करायलाच नको होता."

स्पर्धेची मुदत गेली. मी शिकवणी बंद केली.

माझा राग अजून गेलेला नाही. उद्या खालच्या पट्टीत करू या, एवढा एक फोन त्या करू शकत होत्या. तुम्हीही करू शकत होतात, असं बायको सुनावते. त्या दिवसापासून ऋतुजा माझ्यासमोर एक ओळ गायली नाही... बाईंनी पोरीचं गाणं मारलं, असं मी चारचौघांत सांगत फिरलो. आणि ती मात्र कॉलेज सुटल्यावर त्यांच्याकडेच जात होती! दोघींनी मला बनवलं. आता भांडायचं कुणाशी?

परवा सकाळी तिच्या खोलीतून बुडबुड ऐकू आली. दार ढकललं. पाण्याच्या ग्लासात स्ट्रॉ बुडवून ती एकाच सुरात फुंकत होती.

"हे काय गं?"

"बाईंचं वॉर्मअप. गळ्यावर ताण नाही येत. रोज करते."

"रोज? मला कसं दिसलं नाही?"

"तुम्ही गोडाउनला गेल्यावर करते."

"आज मी घरीच आहे."

"ऐकायचं तर बसा. पण मध्ये बोलायचं नाही, बाबा."

मी पलंगाच्या कडेला बसलो. पाणी पुन्हा बुडबुडायला लागलं. थोडं वर घे, मोकळं गा, खिडकी लाव... जिभेवर काय काय येत होतं. तिने ग्लास बाजूला ठेवला आणि गायला लागली. मी तोंड उघडलं नाही.