पुलाचा अहवाल

मार्च २०२०मध्ये आबा, म्हणजे माझे वडील, तीन महिन्यांसाठी आयर्लंडला, लिमरिकमध्ये माझ्याकडे आले आणि विमानं बंद झाल्यामुळे वर्षभर अडकले. आबा साताऱ्याकडचे, लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. सगळी नोकरी पूल बांधणाऱ्या तुकडीत गेली. बांधायला शिकवतात तसं पाडायलाही शिकवतात, हे मला इथे कळलं. शॅनन नदी आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. आबा रोज पुलावर फिरून यायचे आणि तो कुठून उडवला तर कमीत कमी सुरुंगाच्या दारूत पडेल, हे मला जेवताना सांगायचे. मी दिवसभर लॅपटॉपपुढे बसून वैतागलेली असायचे. भात गार होतोय, एवढंच म्हणायचे.

त्यांना खरा श्रोता मिळाला तो शेजारच्या बाईंच्या रूपाने. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, निवृत्त शिक्षिका, एकट्या राहणाऱ्या. त्या काळात त्या घराबाहेर पडत नसत. मागच्या बागेत खुर्ची टाकून बसत आणि बुटक्या भिंतीपलीकडून आमच्याशी बोलत. आबांचं इंग्रजी मोडकंतोडकं, त्यात बाईंचे इथले उच्चार त्यांना अजिबात कळेनात. त्यामुळे दुभाष्याचं काम माझ्याकडे आलं.

आबांचं पूलपुराण ऐकून एका संध्याकाळी बाईंनी आपली गोष्ट सांगितली. शंभरेक वर्षांपूर्वी इंग्रजांशी केलेल्या तहावरून इथे आपसातच युद्ध जुंपलं. लिमरिकमध्ये दोन्ही बाजूंची नजर शॅननवरच्या पुलांवर होती, कारण पूल ज्याचे त्याला पश्चिमेचा रस्ता मोकळा. तह न मानणारे हरत मागे सरले, तेव्हा सरकारी फौजेला अडवायला वाटेतले पूल पाडत गेले. बाईंचे वडील त्यांच्यातलेच, तेव्हा एकोणीस वर्षांचे. त्यांनी आपल्याच गावचा पूल उडवायला हात लावला. त्याच आठवड्यात त्यांची आई आजारी पडली. डॉक्टर नदीपलीकडे राहत होता. तो आला नाही, आणि ती गेली. "तू पूल पाडलास, म्हणून आई मेली," असं म्हणून थोरल्या भावाने त्यांच्याशी बोलणं टाकलं, ते मरेपर्यंत.

"मला एवढंच जाणून घ्यायचंय," बाई म्हणाल्या, "त्या पुलामुळे फौज अडली असेल का? निदान तेवढा तरी उपयोग झाला असेल का?"

मी आबांना सांगितलं. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. महिना कुठला? ऑगस्ट. पाऊस होता का? नाही, गवताची कापणी चालली होती.

"मग ऑगस्टातच बघाया पायजे," आबा म्हणाले. तोवर प्रवासाची बंदीही उठली.

ऑगस्टात, चार-पाच दिवस कोरडे गेल्यावर, एका रविवारी मी त्यांना गाडीने बाईंच्या वडिलांच्या गावी नेलं. अर्ध्या तासाचा रस्ता. लहानशा नदीवरचा छोटा दगडी पूल, मधली कमान नंतर बांधलेली, रंगावरून कळत होती. आबांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि काठी घेऊन सरळ पाण्यात उतरले. कुत्रं फिरवणारं एक जोडपं थांबून बघत राहिलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आबा मात्र पावलं मोजत प्रवाहाच्या दिशेने पार खालपर्यंत गेले आणि तिथूनच मला हाक मारली. दोन्ही काठांवर जुनी फरसबंदी होती, दगडांत चाकांच्या चाकोऱ्या पडलेल्या: पूल होण्याआधी गाड्या पाण्यातून पार व्हायच्या तो उतार.

घरी येऊन त्यांनी चौकडीच्या कागदावर रीतसर अहवाल लिहिला. लांबी, कमानी, तळ, काठ. शेवटचा रकाना वळशाचा: पूल नसेल तर पार होता येतं का. तिथे त्यांनी लिहिलं, "शक्य. चारशे पावलांवर जुना उतार. पाणी ढोपराएवढं. तळ दगडी. गाडी जाईल."

"अर्ध्या घंट्यात फौज पार झाली आसंल," ते म्हणाले. "पूल पाडून काय बी साधलं न्हाई. त्येंना समदं सांग, जसं हाय तसं."

आम्ही भिंतीपाशी गेलो. बाई वाट बघत होत्या. लिपस्टिकसुद्धा लावली होती. मला ते बघवेना. ऑफिसात क्लायंटला वाईट बातमी गोड करून सांगण्यात माझी बारा वर्षं गेली आहेत. मी म्हटलं, "आबा म्हणतात, पूल फार मोक्याचा होता. फौजेला पार होणं शक्यच नव्हतं. तुमच्या वडिलांनी केलं ते वाया गेलं नाही."

मला स्वतःचं कौतुक वाटलं. बाईंनी मान हलवली.

"ग्रँड," आपण 'बरं' म्हणावं तसं त्या म्हणाल्या. मग चष्मा काढून हातात धरला. "म्हणजे काकांचंच खरं. डॉक्टरला येताच आलं नसतं."

आबांनी विचारलं, "काय म्हणल्या?" मी त्यांना बाईंचं सांगितलं, आणि मी त्यांना काय सांगितलं होतं तेही सांगावं लागलं. इतकी शरम मला कधी वाटली नव्हती.

आबा रागावले नाहीत. "आगं पोरी, फौजंला जो उतार, त्योच डाक्टरला," एवढंच म्हणाले. मग त्यांनी अहवाल भिंतीवर ठेवला, दोन पावलं मागे सरले आणि स्वतःच बोलले. "मॅडम. रिव्हर, नी डीप. आर्मी कॅन क्रॉस. डॉक्टर कॅन क्रॉस. ही डिड नॉट कम. व्हाय, आय डोंट नो."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, मघाशी मी खोटं सांगितलं, आबा सांगतात ते खरं आहे. त्यांनी मला तो कागद पहिल्या ओळीपासून वाचून दाखवायला सांगितला. एकही शब्द न बदलता मी वाचला. चारशे पावलांवरच्या उतारापाशी त्यांनी मला थांबवलं.

"तो मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "आमच्या गाई रोज तिथूनच पार व्हायच्या. काकाच हाकायचे, अगदी पोरवयापासून."