बंद पडलेलं दुकान दाखवा

डागमावशीने डूख धरला होता आणि तो ती लपवतही नव्हती. राग गिळावा, म्हणजे झोप चांगली लागते, असं शेजारीपाजारी समजावायचे. मावशीला झोप उत्तम लागायची आणि रागही जसाच्या तसा होता.

कपड्यावरचा कुठलाही डाग काढायची म्हणून अख्खा रस्ता तिला डागमावशी म्हणायचा. शाई, ग्रीस, गंज, नव्याकोऱ्या कोटावर सांडलेली कॉफी, काहीही आणा. नवरा गेल्यावर लॉन्ड्री तिने एकटीने ओढली. डाग आधी हुंगायचा, मग बोटाने चोळून बघायचा आणि मगच बाटलीला हात लावायचा, ही तिची रीत. कपड्याच्या बाबतीत एवढी संशयी बाई कागदाच्या बाबतीत मात्र डोळे मिटून फसली, हेच तिला जास्त झोंबायचं.

केसाने गळा कापला तो सख्ख्या दिराने. एका मोठ्या लॉन्ड्री कंपनीच्या फ्रँचायझी विकणं ही त्याची नोकरी. बोलण्यात साखर, पायात कायम चकाकते बूट. "वहिनी, नाव कंपनीचं, दुकान तुमचंच. या भागात दुसरी शाखा निघणार नाही, माझा शब्द!" मावशीने कराराची जाडजूड चळत चाळायला घेतली, तसा तो हसला. "छापील असतं हो, सगळ्यांना सारखंच. मी काय परका आहे का? करा सही." घरच्या माणसावर अविश्वास कसा दाखवायचा, या भिडेपोटी तिने सही ठोकली.

मग त्या पानांचे रंग दिसायला लागले. पावडर कंपनीचीच वापरायची. त्या पावडरीने गडद कपडे फिके पडायचे आणि बोलणी मावशीने खायची. जुन्या गिऱ्हाइकांना तोंडपाठ असलेला दुकानाचा फोन नंबर कंपनीच्या नावावर गेला. आणि वर्ष उलटायच्या आत बरोब्बर समोर त्याच कंपनीची दुसरी शाखा उघडली. फीत कापताना टाळ्या वाजवायला दीर सगळ्यात पुढे.

ती तणतणत गेली, तर तो शांतपणे म्हणाला, "एरियाचं करारात कुठे लिहिलंय, वहिनी?"

लिहिलेलं नव्हतंच. लिहिलं होतं ते भलतंच. करार सोडला तर पाच वर्षं या शहरात लॉन्ड्री चालवायची नाही. तरी तिने सोडला. तिचा नंबर आता समोरच्या दुकानात वाजायचा आणि रस्ता ओलांडून तिला ऐकू यायचा. प्रत्येक वेळी तिचा हात आपसूक पुढे जायचा. मग ती स्वतःलाच एक शिवी घालायची आणि दिराला दोन.

गाळा तिच्या नावावर होता, तेवढा वाचला. तिथे तिने शिलाई मशीन टाकलं, बटणं लावायला, उसवलेलं शिवायला. आणि उट्टं काढायला. कारण कंपनीची एक पद्धत होती. नवा माणूस सहीला तयार झाला की त्याला आधी चालती शाखा दाखवायची आणि ती म्हणजे समोरचीच. दीर त्याला आत फिरवायचा, थंड पाजायचा. मग फोनवर बोलत तो जरा लांब गेला की मावशी हाक मारायची, "अहो, तुमचं बटण लोंबतंय. या, लावून देते." बटण खरंच लोंबत असायला हवं असं काही नव्हतं.

"चालू दुकान बघितलंत," सुईत दोरा ओवता ओवता ती म्हणायची. "बंद पडलेलं दाखवलं का? मग हे बघून घ्या. धंदा सोडून गेलेत त्यांचे पत्ते मागा आणि जाऊन विचारा. एरिया फक्त तुमचाच, असं म्हणतात ना? नकाशासकट लिहून घ्या. माल दुसरीकडून घेता येतो का? नंबर कोणाच्या नावावर? उद्या सोडावंसं वाटलं तर हातात काय उरतं? आणि सहीआधी वकिलाला दाखवा. वकील तुमचा हवा, त्यांनी सुचवलेला नको."

माणसं विचारात पडून उठायची आणि बरीचशी परत फिरकायची नाहीत. एकदा दीर लालबुंद होऊन आला. "वहिनी, माझी गिऱ्हाइकं फोडता?"

"मी बटणं लावते, भाऊजी. बटणांचं करारात कुठे लिहिलंय?"

त्या दिवशी ती दोन घास जास्त जेवली.

दिराच्या सह्या आटल्या. शेवटी कंपनीने त्याचा पगार बंद केला आणि सांगितलं, हवी तर अर्ध्या शहराची एजन्सी घे, करार कर. तो आला तेव्हा बुटांवर धूळ होती. त्याने चळत मशीनवर ठेवली. "झालं गेलं सोडा, वहिनी. तुमच्याइतका हा करार कोणी वाचला नसेल. एकदा नजर टाका. काही अडचण नाही ना?"

मावशीने सगळी पानं वाचली. शेवटून दुसऱ्या पानावर अडचण होती. धंदा बुडाला तर त्याच्या राहत्या घरावर कंपनीचा हक्क. तिला जाऊ आठवली, तिच्या खिडकीतल्या कुंड्या आठवल्या. नवऱ्याच्या आजारपणात दवाखान्यात डबा घेऊन यायची ती जाऊच. मावशीचं बोट त्या ओळीवर थांबलं. मग समोरच्या दुकानात फोन वाजला.

"छापील असतं हो, भाऊजी," ती म्हणाली. "सगळ्यांना सारखंच. मी काय परकी आहे का? करा सही."

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. स्वतःचं वाक्य त्याने ओळखलं असतं, तर तो वाचला असता. एवढी संधी तिने त्याला दिली होती. पण ते वाक्य तो इतक्या जणांना म्हणाला होता की त्याला त्यात काहीच ऐकू आलं नाही. त्याने मशीनवरच सही केली, वाकून नमस्कार केला आणि निघाला.

जावेसाठी मावशीला वाईट वाटलं. बाकी बरं वाटलं, अगदी पोटातून बरं वाटलं. पायरी उतरताना त्याच्या शर्टाचं बटण एका धाग्यावर लोंबत होतं. तिने ते पाहिलं आणि हाक मारली नाही.