करारावर नाव कुणाचं

कुवेतमध्ये पहिली तीन वर्षं मी नर्सेसच्या हॉस्टेलवर काढली. खोली सरकारची, पलंग सरकारचा आणि सकाळी दारात येऊन उभी राहणारी बसही सरकारचीच. मिरजेला शिकलेली, सांगलीकडच्या एका गावातली मी. घर शोधायची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती. ती आली नवरा आणि सात वर्षांची मुलगी माझ्या व्हिसावर कुवेतला आले तेव्हा. नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं.

ह्यांनी गावाकडची शिक्षकाची नोकरी सोडली होती. इथे काम मिळेपर्यंत घर माझ्या पगारावर चालणार होतं. माझ्या वॉर्डातल्या एका मल्याळी सिस्टरने तिच्या फ्लॅटमधली एक खोली दोन महिन्यांसाठी आम्हाला दिली, कारण दोन महिन्यांनी तिचे सासू-सासरे येणार होते. तेवढ्यात मला घर शोधायचं होतं. हॉस्टेल सोडलं की सरकार भाड्यापोटी भत्ता देत असे. त्यासाठी फक्त एक कागद लागायचा: भाडेकरार, माझ्या नावाचा, खऱ्या भाड्याचा, शिक्का मारलेला. मला वाटलं, एका कागदाचं काय मोठंसं!

पहिला फ्लॅट सालमिया भागात पाहिला. इमारतीचा हारिस, म्हणजे राखणदार, इजिप्तचा होता. त्याने हसत दार उघडलं. मुलीने आत धावत जाऊन सगळे नळ सोडून बघितले. स्वयंपाकघराला खिडकी होती. ह्यांनी कोपऱ्यात उभं राहून हातानेच दाखवलं, इथे टेबल, इथे हिचा अभ्यास.

"मिस्टर कुठे काम करतात?" हारिसने विचारलं.

"ते शोधताहेत. काम मी करते, सरकारी इस्पितळात."

"मग करार कुणाच्या नावावर?"

"माझ्या."

"शिक्क्याचा? सरकारात दाखवायला?"

मी हो म्हटलं. त्याने हात लांब करून दिवा बंद केला. आम्ही अजून आतच होतो.

"सरकारी भत्त्यावाले नकोत. मालकाने सांगितलंय," तो म्हणाला.

नंतरच्या तीन आठवड्यांत हे इतक्यांदा ऐकलं, की कुठल्या इमारतीत कोण म्हणालं ते आता आठवत नाही. ड्यूटी संपली की मी युनिफॉर्मवरच बस धरायची. युनिफॉर्म बघूनच काही हारिस मान हलवायचे, म्हणून मग पिशवीत साडी ठेवू लागले आणि ती इस्पितळाच्या बाथरूममध्ये नेसू लागले. साडीत गेलं की दार उघडायचं, कामाचं विचारलं की मिटायचं. हिंदी बोलणाऱ्या एका दलालाने शेवटी मला खुर्चीवर बसवून समजावलं.

"सिस्टर, मालकाच्या बाजूने बघा. शिक्क्याचा करार दिला की खरं भाडं कागदावर येतं. तुमचा भत्ता सुरू व्हायला किती दिवस लागतील, कुणाला माहीत? आणि नर्सला घर दिलं की महिन्याभरात आत सहा नर्सेस झोपतात."

"माझ्या घरात माझा नवरा आणि मुलगी असणार आहेत."

"सगळ्या हेच सांगतात," तो म्हणाला आणि फोन घेतला.

एक मालक तयार झाला होता, पण करार नवऱ्याच्या नावावर करायचा आणि शिक्का नाही. त्या दिवशी आमचं भांडण झालं. ह्यांचं म्हणणं, घर तरी मिळेल. माझं म्हणणं, भत्ता नसेल तर भाडं भरायचं कशातून? हे म्हणाले, "माझ्या नावाला इथे काही किंमतच नाही, आणि या मालकाकडे आहे तर तिचा उपयोग नाही." मुलगी खाटेवर बसून आमच्याकडे टकामका बघत होती. परक्या घरात आवाज खाली ठेवून भांडावं लागतं. ते मला जास्त लागलं. मला झोप लागेना, जेवताना लक्ष लागेना. वॉर्डात पेशंटचा पत्ता लिहितानासुद्धा वाटायचं, या माणसाला कुणी घर दिलं असेल, काय सांगून मिळवलं असेल?

आमच्या रेकॉर्ड रूममध्ये एक कुवेती बाई कारकून होती, माझ्याच वयाची. फायली न्यायला-आणायला जाण्यापुरती ओळख. एकदा तिची परवानगी घेऊन मी तिथल्या फोनवरून एका इमारतीत विचारलं. घर रिकामं होतं. बोलता बोलता भरलं. मी फोन ठेवला तेव्हा ती माझ्याकडेच बघत होती.

"तुलाही नाही म्हणाले?" तिने विचारलं.

तुलाही? मला कळेना. मग तिने सांगितलं. लग्नाला चार वर्षं झाली होती, दोन मुलं होती, आणि सासरच्या घरात चौघं एका खोलीत. सरकारी घरासाठी नवऱ्याचं नाव यादीत होतं. नंबर लागेपर्यंत सरकार त्यांना भाड्याचे पैसे देत होतं. पण त्या पैशांवर राहायला येणार म्हटलं की मालक फोन ठेवायचे.

"तुम्ही तर इथल्याच," मी म्हटलं.

"म्हणूनच. कुवेती माणूस आत आला की बाहेर निघत नाही म्हणतात. आमच्यापेक्षा परदेशी बरे म्हणतात." ती हसली. "आणि तू परदेशी, तर तूही नको!"

पुढच्या गुरुवारी दुपारी ती तिची गाडी घेऊन आली. मी मागच्या सीटवर बसायला गेले तर म्हणाली, "पुढे ये, मी टॅक्सी आहे का?" तिचं इंग्रजी इस्पितळातलं, माझं अरबी वॉर्डातलं, दुखतंय का, कुठे दुखतंय, एवढंच मला नीट विचारता यायचं. तीन ठिकाणी आम्हाला दोघींनाही नकार मिळाला. चौथी इमारत सालमियातच, मागच्या गल्लीत. खाली शिंप्याचं दुकान आणि त्याच्या मागे मालकाचं छोटं ऑफिस. मालक म्हातारा होता, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली.

तिने आधी स्वतःसाठी विचारलं. त्याने तिला आदराने बसवलं, चहा मागवला आणि नाही म्हणाला. मग तिने माझ्याकडे बोट केलं. दोघं भराभर बोलू लागले. मला अर्धं कळत होतं. तिचा आवाज चढला, त्याचा नाही. शेवटी तो माझ्याकडे वळला.

"नवरा असताना तुझं नाव कशाला?"

माझ्याकडे अरबी शब्द थोडेच होते. "काम मी करते," मी म्हटलं. "नाव माझं."

त्याने चष्मा नाकावर सारखा केला. मग ड्रॉवरमधून फॉर्म काढला. अटी सांगितल्या: आम्ही तिघंच राहायचं, चौथं माणूस दिसलं तर घर खाली करायचं. मी मान डोलावली आणि सही केली. कशावरही केली असती.

वर जाऊन आम्ही घर पाहिलं. ती झोपायच्या खोलीत एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत पावलं मोजत गेली. "आमचं कपाट बसलं असतं इथे," म्हणाली. गाडीत मी पुन्हा पुन्हा आभार मानत राहिले, तेव्हा ती समोर बघतच म्हणाली, "त्याने तुला दिलं, कारण तुला काढता येतं. मला काढणं अवघड." तिच्या बोलण्यात राग नव्हता. मला मात्र आनंदाच्या दिवशी ते वाक्य घेऊन घरी जावं लागलं.

भत्ता सुरू झाला. पुढे ह्यांना एका शाळेच्या ऑफिसात काम मिळालं. मुलगी मोठी होत गेली, आमच्या मराठीला इंग्रजीत उत्तरं देऊ लागली. तिला ते घर आपलंच वाटायचं. मला कधी वाटलं नाही. कुणी पाहुणे आले की मी त्यांच्या चपला आधी आत घ्यायची. इथला हारिस जिन्यात चपला मोजतो असा माझा समज होता. करार नवा करायचे दिवस आले की मी जुना करार काढून पुन्हा पुन्हा वाचायची. ती कारकून बाई दुसऱ्या इस्पितळात बदलून गेली. काही वर्षांनी तिचा फोन आला, नंबर लागला होता, शहरापासून लांब का होईना, घर मिळालं होतं. "कपाट बसलं?" मी विचारलं, तर म्हणाली, "ते कधीच मोडलं."

दोन हजार सालानंतरची गोष्ट. आमच्या वरचा फ्लॅट रिकामा झाला. आमच्याच वॉर्डात कोल्हापूरकडची एक तरुण नर्स नवी आली होती. नवरा येणार होता, तान्हं बाळ होतं. तिला वरच्या फ्लॅटचं मीच सांगितलं होतं. ती बघून गेली, आणि संध्याकाळी हारिस माझ्या दारात आला.

"ती सरकारी सिस्टर तुमच्या ओळखीची आहे? मालकाचा मुलगा विचारतोय. म्हणतो, आता या इमारतीत भत्त्यावाले वाढवायचे नाहीत. एक आहेत तेच पुरे."

ते एक म्हणजे आम्ही. पुढच्याच महिन्यात आमचा करार संपत होता. मुलीची दहावी होती. हे आतून ऐकत होते. माझ्या तोंडून सरळ निघालं, "नाही, माझी काही खास ओळख नाही."

दार लावलं तेव्हा ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी स्वयंपाकघरात जाऊन कणीक मळायला घेतली.

त्या तरुण नर्सला शेवटी लांब जलीबच्या वस्तीत, दोन कुटुंबांच्या घरात एक खोली मिळाली. ड्यूटीला यायला तिला दोन बस बदलाव्या लागायच्या. वॉर्डात भेटली की म्हणायची, "ताई, तुम्ही निदान सांगितलं तरी. बाकी कुणी तेवढंही करत नाही." आणि डब्यातली भाकरी अर्धी करून माझ्या पुढे ठेवायची. मी ती खायची.