कंधारला परत केलेलं हॅम्बुर्ग

जर्मनीची जुनी, वापरलेली पोस्टाची तिकिटं जमवते म्हटलं की लोक विचारतात, वापरलेली कशाला? कारण कोऱ्या तिकिटाने प्रवास केलेला नसतो. वापरलेल्यावर शिक्का असतो, गावाचं नाव असतं. माझ्या आल्बममधलं सर्वांत देखणं तिकीट हॅम्बुर्गच्या शिक्क्याचं होतं, आणि ते मी फसवून मिळवलं होतं.

बारा वर्षांपूर्वी नांदेडच्या तिकीट प्रदर्शनात किसनकाका भेटले, कंधारचे निवृत्त पोस्टमन. त्यांचं हॅम्बुर्ग मी घेतलं आणि बदल्यात उठावदार गरुडाचं तिकीट दिलं. ते फाटलेलं होतं, मागून कागदाचा लगदा भरून दुरुस्त केलेलं. मला ठाऊक होतं. मी बोलले नाही.

या मे महिन्यात ठरवलं, हॅम्बुर्ग घेऊन कंधारला जायचंच. नवरा म्हणाला, "बारा वर्षांनी? त्यांना आठवत तरी असेल का?"

मला आठवत होतं, तेवढं पुरे होतं.

लातूरहून सकाळी साडेसहाची नांदेड एसटी धरली. आम्हा बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे खर्च किरकोळ. अहमदपूरला गाडी थांबते. तिथली गरम भजी चुकवू नका. लोह्याला उतरून कंधारची गाडी घ्यायची, अर्ध्या तासाचा रस्ता. किल्ला पाहायचा असेल तर उन्हं चढायच्या आत जा, आत सावली कमी आहे. मी मात्र खंदकातलं हिरवं पाणी पाहत उगीच वेळ काढला.

पत्ता विचारला तर पानवाला स्वतः दारापर्यंत आला. "जयभीम, पोस्टमन साहेब! लातूरचं पाव्हनं हाय!"

काकांनी मला लगेच ओळखलं. "गरुडवाली बाई! या, बसा की. तुमचं टिकिट अख्ख्या कंधारनं पाह्यलंय." त्यांनी वही उघडली. पहिल्याच पानावर, एकटाच, माझा गरुड.

आता न बोलून चालणार नव्हतं. "काका, हे खिडकीशी धरा. शेपटीपाशी गडद डाग दिसतो ना? तिथे फाटलं होतं. दुरुस्त केलेलं आहे. देताना मला माहीत होतं."

त्यांनी बराच वेळ धरलं. मग म्हणाले, "मी लई लोकाला दाखवलं हे." आणि उठून बाहेर गेले.

काकू चहाचा कप घेऊन दारात उभ्या होत्या. "जल्मभर लोकाच्या चिठ्ठ्या वाटल्या, एक पाकीट कधी उघडं करून पाह्यलं न्हाई," त्या म्हणाल्या. "त्यांना लागनारच, बाई. पन तुम्ही उठू नका. भाकरी टाकून राहिले मी."

मी हॅम्बुर्ग वहीवर ठेवलं आणि बसून राहिले. ज्वारीची भाकरी, चुक्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी. अर्ध्या जेवणात काका आत आले, हात धुऊन पंगतीला बसले. जेवण झाल्यावर त्यांनी वहीवरचं तिकीट उचललं.

"हॅम्बुर्ग माझं, ते ठेवतो."

"हाव काका." माझ्या तोंडून कंधारची बोली निघाली.

"अन् गरुड बी ठेवतो."

"तो कशाला? त्याला किंमत नाही."

"फाटलं म्हनून फेकायचं का? ठप्पा पडलाय त्याच्यावर. म्हंजे चिठ्ठी कुनाच्या तरी हातात पडली असंल." त्यांनी गरुड परत पहिल्या पानावर ठेवला. "फक्त आता दाखवताना खरं सांगून दाखवीन."

"माझं नाव सांगाल?"

"सांगीन की! का न्हाई? लातूरच्या बाईनं फसवलं म्हनीन." काकू हसल्या, काका हसले नाहीत. "अन् तीच सांगायला आली, हे बी सांगीन."

चारच्या गाडीपर्यंत त्यांनी आणखी सोळा तिकिटं दाखवली आणि प्रत्येक शिक्का मला मोठ्याने वाचायला लावला. स्टॅंडवर सोडायलाही आले. माफ केलं असं शब्दात म्हणाले नाहीत, मीही विचारलं नाही.

घरी हॅम्बुर्गची चौकट रिकामी आहे. तसलंच दुसरं तिकीट विकत मिळेल, शोधलं तर. पण अजून शोधलेलं नाही. एवढी वर्षं कुणाला आल्बम दाखवताना मी ते पान घाईने उलटत असे. हल्ली तिथेच थांबते, आणि कुणी विचारलं, इथलं तिकीट कुठे गेलं, तर सगळं सांगते.